पायगुणाची पेटी

आमच्या दुकानात एक फळी होती. दुरुस्तीला टाकलेल्या आणि मालक पुन्हा न फिरकलेल्या वस्तू तिथे ठेवायचो. फाटलेला डग्गा, मान मोडलेली सारंगी, दात पडलेल्या पेट्या. न्यायला कोणी येत नाही, आणि फेकवतही नाही. माझ्या किश्शांचं तसंच झालंय बघा. ज्यांचे होते ते गेले, माल माझ्याकडे पडून! अधूनमधून पुसून दाखवतो. काही दाखवताना मात्र हल्ली हसू अर्ध्यावर अडकतं.

दुकान कल्याणात, पारनाक्याच्या अलीकडे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मालक अण्णा. पेटीचे सूर लावण्यात ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांच्यासारखा कान नाही. मी दत्तू, त्यांचा कारागीर. शिक्षण मराठी चौथी, तीसुद्धा मास्तरांनी हात जोडले म्हणून पास! आणि मागच्या खोलीत अण्णांची मुलगी शांताताई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, भात्यांना कापड चिकटवायची. तिचं लग्न जमत नव्हतं. पेट्यांचे सूर सोडले तर अण्णांना तेवढी एकच काळजी.

* * *

वाद्यांबरोबर आम्ही नोटेशनची पुस्तकंही विकायचो. भजनं, पदं, सगळं सारेगमात छापलेलं. विठ्ठलवाडीच्या भजनी मंडळाचे बुवा एक पुस्तक घेऊन गेले. महिन्याभराने त्यांच्या भजनाला गेलेलो. गाणं ऐन रंगात आलं आणि मधेच सगळे गप्प! पेटी गप्प, टाळ गप्प, बुवा गप्प. दोन मात्रा गेल्या की पुन्हा सगळे एकदम सुरू. प्रत्येक वेळी तिथेच.

नंतर विचारलं, "बुवा, मधे थांबता ते काय?"

"तिथे पान उलटायचं असतं ना."

"अहो, पण आज पुस्तक कुठाय समोर?"

"नसेना का! बसवताना तसं बसलंय."

खरं सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? "वा बुवा! मोठ्या घराण्यांत असंच थांबतात!" वर्षभरात शेजारची दोन मंडळं त्याच जागी थांबायला लागली.

* * *

डोंबिवलीचे एक कारकून, नुकतंच लग्न झालेलं. बायकोला हौस म्हणून पेटी घेतली. चेहऱ्यावर एवढा आनंद, की माझी जीभ वळवळायला लागली.

"साहेब, नवी पेटी आहे. लोणच्याच्या बरणीसारखं तीन दिवस ऊन दाखवा, मगच वाजवा. नाहीतर आवाज कच्चा राहतो."

चौथ्या दिवशी गृहस्थ हजर. हमालाच्या डोक्यावर पेटी. फळी फाकलेली, भाता फसफसतोय. मागे बायको, डोळे रडून सुजलेले. अण्णा पेटीकडे बघतच राहिले. आणि तो भला माणूस मलाच काकुळतीने विचारतो, "ऊन कमी पडलं का हो?"

अण्णांना सगळं समजलं. आठ दिवस बसून त्यांनी ती पेटी नवी करून दिली. पॉलिश माझ्याकडे होतं. चकचकीत फळीत माझंच थोबाड दिसायचं आणि मी फडकं जोरात फिरवायचो!

* * *

त्या काळी मुलगी बघायला आले की तिला गायला लावायचे. घरोघरी पेटी कुठून असणार? मग आमच्याकडून एका दिवसापुरती भाड्याने न्यायची. त्यासाठी काळ्या पॉलिशची एक पेटी आम्ही वेगळी काढलेली. तबल्याला बरोबर मी.

एकदा कळव्याचे एक वडील आले. घामाघूम. म्हणाले, "कुठलीही द्या, पण पोरीचं जमलं पाहिजे."

मला काय, तोंड उघडायला निमित्तच हवं! म्हटलं, "मग ही काळी न्या. पायगुणाची आहे. हिच्यावर गायलेली एकही मुलगी नापास झालेली नाही."

शुद्ध थाप! पण त्याच दिवशी पाहुण्यांनी होकार दिला. दुसऱ्या सकाळी ते वडील पेढे घेऊन आले. मी हात पुढे केला, तर मला ओलांडून पेटीपाशी गेले. तिच्यावर पेढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग मला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला उभे राहा."

झालं! बातमी पसरली. कळवा, ठाणे, डोंबिवली, सगळीकडून बाप यायला लागले. काळी पेटी रिकामी असेल त्या दिवशी पाहुणे बोलवायचे, मुहूर्तसुद्धा नंतर! ज्यांचं जमायचं ते पेढे आणायचे. ज्यांचं फिसकटायचं ते शरमेने काही बोलायचे नाहीत. त्यामुळे पेटीचा निकाल कायम शंभर टक्के!

* * *

ठाण्यात एक नवरामुलगा होता, फार चिकित्सक. कोणी पसंतच पडेना. डोंबिवलीत एका घरी मी तबला जुळवत बसलेलो. पाहुणे आत आले, मुलगा बसला, मुलगी येऊन पेटीपाशी बसली. त्याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून उभाच राहिला.

"मामा, चला."

"अरे, मुलगी तर बघ!"

"मुलगी नवी आहे. पण ही पेटी आणि हा तबलजी मला चौथ्यांदा दाखवतायत!"

दुकानात हा किस्सा सांगताना मी लोळून हसायचो. अण्णासुद्धा हसले. शांताताई पडद्याआडून म्हणाली, "त्या मुलीचं काय झालं रे, दत्तू?"

ते मी विचारलंच नव्हतं.

* * *

असेच एकदा एक बाई पेढे घेऊन आल्या. मुलीचं जमल्याचा आनंद, तोंड थांबेना. काळ्या पेटीला हळदकुंकू लावून झालं, आणि आत शांताताई दिसली. बाई अगदी मायेने म्हणाल्या, "काय बाई नशीब एकेकाचं! जगाच्या पोरी ह्या पेटीने उजवल्या. आणि पेटी ज्यांच्या घरची, त्यांचीच तेवढी राहिली. काहीतरी असणार हो मुलीत."

अण्णा पेटीचे पितळी सूर घासत होते. कानस थांबली. शांताताईने पेढा घेतला, "अभिनंदन हं" म्हणाली आणि आत गेली.

मग हेच वाक्य मी बाजारात ऐकलं. नंतर देवळात ऐकलं. पुढे एका स्थळाने बघायला यायच्या आधीच नकार कळवला, आणि कारण हेच. थाप माझी, पण लोकांनी तिचा पुरावा करून शांताताईच्या कपाळावर चिकटवलेला! मी पायगुण-बियगुण काही नाही म्हणून सांगत सुटलो. कोणी ऐकेना. लोक म्हणायचे, "दत्तू, तू थापाड्या! तुझं कोण खरं मानणार?"

* * *

अखेर ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, शांत, गाण्याचा शौकीन. अण्णांनी घराला रंग काढला. काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, आठ दिवस उपास करत होत्या. शांताताईला सव्विसावं लागलेलं. हे गेलं तर पुढे बिजवरच, हे सगळ्यांना माहीत होतं.

काळी पेटी त्या दिवशी नेमकी दुसऱ्या घरी द्यायची ठरलेली. मी म्हटलं, "अण्णा, आज तरी ती घरीच ठेवा." अण्णा म्हणाले, "शब्द दिलाय." त्यांनी दुकानातली एक नवी कोरी पेटी उचलली आणि घरी नेली.

मी तबला घेऊन मागाहून पोचलो. बैठकीत बसलो, पेटीकडे बघितलं आणि ती ओळखली.

आमच्याकडे एक गायनमास्तर यायचे. दर रविवारी सगळ्या पेट्या वाजवून बघायचे, नावं ठेवायचे, विकत काही घ्यायचे नाहीत. त्यांची फजिती करायची म्हणून आदल्याच दिवशी मी एका पेटीच्या पंचमाच्या दोन्ही पितळी सुरांखाली कागदाच्या चिंध्या सारलेल्या. तीच ही पेटी!

बोलायला वेळ होता. पाहुणे अजून चपला काढत होते. मी? तबल्यावर उगाच हातोडी मारत राहिलो.

शांताताई गायला बसली. सा लागला, ग लागला. पंचमावर बोट पडलं आणि नुसती हवा! पुन्हा दाबला. फुस्स.

मुलाचे मामा हसले. "वा! पेटीवाल्यांच्याच घरी पेटी मुकी!"

अण्णा जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झालेले.

शांताताईने पदर खोचला. पेटीचं झाकण काढलं, सूरपट्टी उचलली, केसातला आकडा काढला आणि एकेक चिंधी ओढून बाहेर घेतली. गुलाबी कागद. माझ्या विडीच्या बंडलाचा. दुकानात विडी ओढणारा मी एकटा! तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली.

मग म्हणाली, "अण्णा, कानस." अण्णांनी खिशातून कानस काढून दिली, दुकानात देतात तशी. आकड्याने पंचम जरासा खरवडला गेलेला, तो ती लावायला बसली. पाव तास! पोहे थंड. नवरामुलगा पुढे सरकून तिच्या हाताकडे बघत होता.

मामा वैतागले. "अहो, राहू द्या आता. आम्हाला चाललं असतं तसंच."

"तुम्हाला चाललं असतं," ती वर न बघता म्हणाली. "पंचमाला नसतं चाललं."

त्यानंतर ती गायली. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी दुकानात कार्ड आलं. अण्णांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मुलगी गुणी आहे, मुलाला पसंत आहे. परंतु पाहुण्यांसमोर पदर खोचून हत्यार हातात घेणारी सून वडीलधाऱ्यांना चालणार नाही. क्षमस्व.

अण्णांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. शांताताई माझ्या शेजारी भात्याला कापड चिकटवत होती.

चष्मा काढत अण्णांनी विचारलं, "शांते, त्या दिवशी पंचमात अडकलं काय होतं गं?"

"झुरळ."

"नव्या पेटीत? मग मारलंस ना?"

तिने कापडाची कड नखाने नीट दाबून बसवली.

"नाही. असू दे. दुकानातलंच आहे."