पूजेला आक्का बसली असती

आक्का गेल्याची बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. आधी ती दौंडहून रशीदाबीला कळली, रशीदाबीकडून भाकरी केंद्रातल्या बायकांना, आणि मग मला. सकाळी केंद्रावरून जाताना भाकरी थापल्याचा आवाज आला नाही म्हणून मी डोकावलो. शेगड्या बंद, परातींतलं पीठ तसंच, आणि बाया भिंतीला टेकून बसलेल्या. मी म्हणालो, "आज सुट्टी का काय?" रशीदाबी उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाळासाहेब, तुमची आक्का गेली." ‘तुमची’ हा शब्द तिनं सहज म्हटला असेल. मला तो लागला. कारण ती माझी आहे असं वागण्याची वेळ आली होती तेव्हा मी तसा वागलो नव्हतो.

त्याला आता महिना होऊन गेला. मी मनातलं बोलणारा माणूस नाही. पण दहाव्याला घाटावर लोक मला म्हणत होते, "बहिणीला लई पुढं आणलंत तुम्ही," आणि मी मान हलवत होतो. त्या मान हलवण्याची लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दौंडला दिली होती. दाजी रेल्वेत होते, दोघं रेल्वे कॉलनीत राहायची. मूलबाळ झालं नाही. दाजी अचानक गेले तेव्हा आक्का ऐन उमेदीत होती. आम्ही तिला गावी घेऊन आलो. "घेऊन आलो" असं म्हणतो खरा, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. कॉलनीतल्या बायकांबरोबर ती लोणची-पापड करून स्टेशनाजवळच्या दुकानांत द्यायची, तिच्या हाताला सवय होती, ओळखी होत्या. ते सगळं सोडून ती आमच्या घरात आली आणि माझ्या लेकीला, प्राजक्ताला, वाढवू लागली.

आमचं गाव शिक्रापूरपासून थोडं आत. कंपन्या आल्या तेव्हा गावातल्या बापयांनी प्लॉट पाडले, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, लेबरची कंत्राटं घेतली. ज्याच्या नावावर जमीन त्याचा विकास झाला. बायकांच्या नावावर काहीच नव्हतं. त्या पूर्वी कांदे काढायला जात होत्या, तशाच जात राहिल्या. त्या खोल्यांमध्ये लातूर-बीडची पोरं राहायची, दोन वेळा वडापाव खायची. आमच्याच खोल्यांमधला एक भाडेकरू आजारी पडला, तेव्हा आक्कानं त्याला ज्वारीची भाकरी आणि पिठलं नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतले बाकीचे दारात उभे. "मावशी, आमाला बी द्या की, पैसं देतो." तिथून सुरुवात झाली. रशीदाबीच्या नवऱ्याचा टेम्पो होता, त्यातून डबे हायवेला जाऊ लागले. शेजारच्या चार बाया आल्या, मग वस्तीवरच्या आल्या. वढूला समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या बसगाड्यासुद्धा जेवण सांगू लागल्या.

मला ते आवडत नव्हतं. पारावर कुणीतरी म्हणालं, "पाटलाच्या घरची बाई हायवेला भाकरी इकती व्हय?" मी घरी येऊन ते तसंच आक्काला ऐकवलं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, इकत घ्या. उधार न्हाई." मी चिडून उठलो, पण जाताना हसूही आलं होतं. तिचं बोलणं असं असायचं.

पुढं एका कंपनीच्या कॅन्टीनची ऑर्डर मिळाली, बचत गटाला कर्ज मिळालं, गावाबाहेर पत्र्याची शेड उभी राहिली. बायकांच्या चालण्यात फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या सुना सासऱ्यासमोर उंबऱ्याआड उभ्या राहायच्या त्या "मामा, सरका जरा, टेम्पो लागतोय" म्हणू लागल्या. सासरे सरकायचे. आणि काम मोठं झालेलं दिसल्यावर मीही सरकलो... पण पुढं. बँकेत मी बोलायचो, कंपनीत मी जायचो, "आमचं केंद्र" म्हणायचो. आक्का आडवी आली नाही. "तू बोल, मला पीठ बघायचंय," म्हणायची.

शेडच्या उद्घाटनाला सत्यनारायण घालायचा ठरला. शिरूरहून आमचे नेते येणार होते. निवडणूक तोंडावर होती आणि मला पंचायत समितीच्या तिकिटाची आस लागली होती. आदल्या आठवड्यात आक्का ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाळ्या, गुरुजींना इचार ना. पूजेला मी बसले तर चालतंय का? चालत नसंल तर आपलं र्‍हायलं. चार माणसांत उगा शोभा नको."

मी गुरुजींकडे गेलो. गुरुजी म्हातारे, तीन पिढ्या आमच्या घरच्या पूजा त्यांच्याकडे. मला वाटलं होतं, तेच नाही म्हणतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, "बायको नसलेला पुरुष तिच्या जागी कमरेला सुपारी लावून बसतोच की. बाईनं का बसू नये? काम त्यांचं, संकल्प त्यांनीच सोडावा. मला चालतं. गावाला चालत नसेल तर गावानं मला येऊन सांगावं."

घरी परत येताना मी सगळं ठरवून टाकलं. आक्काला सांगितलं, "गुरुजी न्हाई म्हणाले. जोडपंच लागतं म्हणत्यात."

तिचे हात सुपात थांबले. "बरं," म्हणाली. खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग तू आन् सुमन बसा. घरातलंच कुणीतरी बसलं म्हंजी झालं."

लोक म्हणतील, रूढीच तशी होती. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण रूढी मोडायला तर गुरुजी तयार होते. ती माझ्या सोयीची होती, म्हणून मी तिच्याआड लपलो. यजमान म्हणून पाटावर बसलेला माणूस त्या जागेचा धनी दिसतो, फोटोत मधोमध येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पूजेला आम्ही बसलो. माझ्या उपरण्याला सुमनच्या शालूची गाठ बांधली. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "आक्काच नको म्हणाली." खोट्याला दुसरं खोटं लागतंच. सुमननं विचारलं, "वन्सं कुठंयत?" आक्का मागच्या बाजूला प्रसादाचा शिरा हलवत होती. नंतर नेत्यांचं भाषण झालं. महिलांच्या प्रगतीसाठी झटल्याबद्दल त्यांनी मला शाल घातली. बाया टाळ्या वाजवत होत्या. रशीदाबी तेवढी वाजवत नव्हती. शेडच्या दाराशी माझ्या नावाचा दगड बसला. तिकीट मात्र दुसऱ्यालाच मिळालं... पण ती काही शिक्षा नव्हे.

शिक्षा आक्कानं भोगली. गुरुजी रस्त्यात दिसले की ती पदर ओढून वाट बदलायची. सणाचा शिधा तिनं कधी चुकवला नव्हता, तो बंद केला. गुरुजींनी मला एकदा विचारलं, "बाळासाहेब, आक्कांचं माझ्याकडून काही चुकलं का हो?" मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसाय." एका भल्या माणसाला मी तिच्या नजरेतून उतरवलं आणि तिला त्यांच्या.

त्याहून वाईट पुढं झालं. हसत-बोलत, बापयांना ठणकावत जगणारी माझी बहीण शुभकार्याच्या वेळी आपणहून मागं सरकू लागली. नवा टेम्पो आला, ती दूर उभी. नवी पीठ मळायची मशीन आली, नारळ दुसऱ्याच्या हातात. प्राजक्ताच्या हळदीला तर... जात्यावर हळद आक्कानंच दळून दिली. प्राजक्ता तिचा हात धरून म्हणाली, "आत्या, पयली हळद तूच लाव." आक्कानं हात सोडवून घेतला. "नको गं बाय. गुरुजींनी सांगितलंय, मला चालत न्हाई." मी दोन हात अंतरावर उभा होतो. माझं खोटं तिच्या तोंडून माझ्याच लेकीला सांगितलं जात होतं. तिथं बोललो असतो तरी चाललं असतं. मी मांडववाल्याला हाक मारली आणि निघून गेलो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आक्का म्हणाली, "मी दौंडला जाते. कॉलनीतल्या बाया बोलवत्यात." मी म्हणालो, "या वयात कशाला?" ती माझ्याकडे बघत राहिली. "वय आसंल तवर," एवढंच म्हणाली. नंतर कानावर आलं की तिनं स्टेशनजवळ गाळा घेऊन तिथंही भाकरी केंद्र काढलं. उद्घाटनाला मला आमंत्रण नव्हतं. मी गावात म्हणत फिरलो, "बहिणीला भावाची आठवण न्हाई र्‍हायली."

तिचं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी मी केंद्रात रशीदाबीला खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिला नवल वाटलं नाही. मी म्हणालो, "माझ्या नावाचा दगड काढून टाकतो." ती म्हणाली, "दगडानं काय केलंय तुमचं? लोकांसमोर शाल घेतली व्हती, लोकांसमोरच सांगा." मग म्हणाली, "आन् एकदा दौंडला जाऊन या."

मागच्या आठवड्यात गेलो. निमित्त आक्काचं सामान आणायचं. गाळा लहानसा, ओळीनं शेगड्या, ज्वारीच्या पिठाचा वास. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो लावलेला. आक्का पाटावर बसली आहे, एकटी, ताठ. आणि शेजारी पोथी घेऊन आमचे गुरुजी. एवढ्या म्हातारपणी, आमच्या गावाहून दौंडपर्यंत आलेले. म्हणजे ती स्वतः जाऊन त्यांना विचारून आली होती. हळदीच्या दिवशी बोलणं निघालं असेल किंवा नंतर, ते मला माहीत नाही. तिला सगळं कळलं होतं आणि माझ्याकडे बघून ती "वय आसंल तवर" म्हणाली होती, एवढं मात्र कळलं.

तिथलं काम सुनंदा नावाची बाई बघते. मी नाव सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं. "म्हंजी पूजेवाले भाऊ तुमीच का?" बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. एकजण तोंडाला पदर लावून हसलीसुद्धा. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात एक नवी मुलगी कामाला आली. पहिलाच दिवस. सुनंदानं तिच्या हातात हळद-कुंकवाची वाटी आणि काडेपेटी दिली. नव्या बाईनं पहिल्या दिवशी मधली शेगडी पुजायची आणि पेटवायची, ही आक्कानं लावलेली रीत. मुलगी अवघडली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, माझा नवरा... म्हंजी मी एकटीच हाय. मला चालंल का? सासूला फोन करून इचारू का?"

सुनंदा परातीत पाणी ओतत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "इथं कुणाला इचारायचं न्हाई," ती म्हणाली. "आक्कांनी सांगून ठेवलंय. कुणालाच न्हाई."

मुलीनं शेगडीला कुंकू लावलं. पहिली काडी विझली, दुसरी पेटली. मी दाराच्या मधोमध उभा होतो. आत येणाऱ्या बाईला वाट हवी होती, म्हणून पायरी उतरून बाजूला झालो.