आईचा बॉक्सर

भास्कर काट्यावर चढण्याआधी चपला काढायचा. नागपुरात महाल भागातल्या माझ्या धान्याच्या दुकानात पोती तोलायचा मोठा काटा आहे. गिऱ्हाइकं गंमत म्हणून त्यावर बुटांसकट उभी राहतात. हा मात्र देवळात यावं तसा यायचा. सकाळी मी शटर अर्धं वर केलं की वाकून आत शिरायचा, चपला बाजूला, मोबाइल माझ्या गल्ल्यावर, आणि समोरच्या तुरीच्या पोत्याकडे नजर लावून उभा. आकडा स्वतः कधी वाचायचा नाही. "किती झालं भाऊ?" असं मला विचारायचा. एकदा मी चिडून म्हणालो, तुला डोळे नाहीत का? तर म्हणाला, "सोताचं वजन सोता पाह्यलं का मन घाबरते. दुसऱ्यानं सांगतलं का नुसता आकडा वाटते."

सावनेरचा पोरगा. बाप कोळशाच्या खाणीत. नागपुरात बॉक्सिंग शिकायला आला आणि आमच्या घरामागची खोली त्यानं भाड्यानं घेतली. मी भाडं मुद्दाम चढवून सांगितलं होतं, कारण समोरचा खाली ओढणार हे गृहीत असतं. हा एका शब्दात हो म्हणाला. घासाघीस न करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही; एक तर तो मूर्ख असतो, नाही तर त्याला दुसरंच काही हवं असतं. भास्कर मूर्ख नव्हता.

पहिल्याच आठवड्यात आईनं त्याला जिन्यात गाठलं. एवढा मोठा देह आणि हातात पावाचा पुडा पाहून तिचा जीव कळवळला. तिनं त्याला वर घरी नेलं, जेवू घातलं आणि त्याच्या खेळाची सगळी माहिती काढली. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. हलक्या गटातली पोरं लढतीच्या आधी उपाशी राहतात, घाम काढतात, पाणीही मोजून पितात. भास्करचा गट सगळ्यात वरचा. ब्याण्णव किलोच्या पुढे कितीही, वर हद्द नाही. आईनं एवढंच ऐकलं. "म्हणजे खायले रोकटोक नाही तुले," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या भाकरीवर तुपाची वाटी उपडी केली.

त्या वाटीबद्दल मला सांगायलाच हवं. माझे वडील लवकर गेले. आई लोकांचे पापड लाटायची आणि मी कळमन्याच्या बाजारात पोती वाहायचो. माझ्या वाढत्या वयात आमच्या घरात तूप नव्हतं. पुढं हमालाचा दलाल झालो, दलालाचा दुकानदार झालो, तोंडाच्या जोरावर आणि कुणाच्या उपकाराशिवाय. घरात तुपाचा डबा आला तो माझ्यामुळे. आणि आई तो डबा उघडून बसली सावनेरच्या भाडेकरूपुढे. मला वाढताना ती म्हणायची, तुला आता पोट सुटलं, जरा बेतानं खा.

हे सगळं खरं असलं तरी रिंगमधला भास्कर पाहण्यासारखा होता, हे मी नाकारणार नाही. इथल्याच एका स्पर्धेत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा तो माझ्या काट्यावर शहाण्णवच्या आसपास होता. एवढा माणूस, पण त्याच्या पायांचा आवाज येत नव्हता. समोरचा जिथं ठोसा मारायचा तिथं भास्कर नसायचाच. अर्धं पाऊल बाजूला असायचा, आणि तिथून त्याचा डावा हात यायचा. लोक त्याच्या दंडांकडे बघून ओरडत होते. घरी येताना मीही दंडांचंच कौतुक केलं, तर हसला. "हात तं सगळ्यायलेच असते भाऊ," म्हणाला. "मारते ते पाय."

ते पाय आईच्या स्वयंपाकघरात जड होत गेले. सांबारवडी, वडाभात, पुरणपोळी, आणि प्रत्येक पदार्थाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह. भास्कर ताटावर आडवा हात कधीच धरत नसे. काट्यावरचा आकडा शंभराच्या पुढे गेला, मग एकशे पाच, मग आणखी. मी सकाळी तो मोठ्यानं वाचायचो, तुरीच्या पोत्यांनाही ऐकू जाईल असा. गल्लीतले लोक खूश होते. रसवंतीवाला, पानठेलेवाला, सगळ्यांचं एकच मत, वजन वाढलं म्हणजे ठोसा वाढला. ज्या गटाला वर हद्द नाही त्यात जास्त जड तो जास्त भारी, असा सरळ हिशोब. त्याला बॉक्सिंग शिकवणारे सर तेवढे चिडायचे. तालमीत तिसऱ्या फेरीला तो तोंडानं श्वास घ्यायला लागला होता.

राज्य स्पर्धा जवळ आली होती, आणि ती त्या वर्षी नागपुरातच होती. त्यात जिंकला असता तर खेळाडूंच्या राखीव जागेतून त्याला सरकारी नोकरीचा रस्ता उघडणार होता. वय निघून चाललं होतं, पुढच्या वर्षी ती संधी नव्हती. मी आईला सरळ सांगितलं की तू त्याला खाऊ घालून हरवणार आहेस. जास्तीचं वजन हे दंडात जात नाही, ते त्याला तिन्ही फेऱ्या पाठीवर घेऊन नाचावं लागतं. मी पोती वाहिलेला माणूस आहे, मला ठाऊक आहे.

आईनं पोळी तव्यावरून उतरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या पोटात दुखून राहिलं, नंदू. दुसऱ्याचं पोरगं जेवते तं तुले पाहवत नाही."

मी ताट सरकवून उठलो. खोटं ती बोलली नव्हती. पण मीही खोटं बोललो नव्हतो. माझ्या तोंडून निघालं म्हणून खऱ्याची किंमत पडली, हा राग माझ्या डोक्यात आजही तसाच आहे.

मग भास्करलाच धरलं. काट्यावरून उतरू दिलं नाही. विचारलं, तुला कळत नाही का? नाही म्हणायला जीभ नाही? त्यानं नजर तुरीच्या पोत्यावरून काढली नाही. म्हणाला, "कळते न भाऊ. सर रोज सांगते. पण आमच्या घरी दुसऱ्यांदा कोनी वाढतच नाही, पयल्यांदाच सरते. माय इतल्या आशेनं विचारते, तिले नाही कसं म्हनू?"

माझ्या आईला तो माय म्हणायचा.

लढतीच्या दिवशी आई आली नाही. मारामारी तिला बघवत नसे. तिनं मला पाठवलं, डिंकाच्या लाडवांचा डबा देऊन. समोर एक उंच, सडपातळ मुलगा होता, जेमतेम गटात बसणारा. पहिली फेरी भास्करनं घेतली. त्याचा एक ठोसा बसला तेव्हा तो मुलगा दोऱ्यांवर गेला, आणि माझ्या मागचे लोक वजनाचा जयजयकार करायला लागले. दुसऱ्या फेरीत भास्करच्या बुटांचा आवाज ऐकू यायला लागला. तिसरीत तो जागच्या जागी उभा होता. हात छातीपर्यंत खाली आले होते, आणि तो मुलगा येत होता, मारत होता, जात होता. भास्करला प्रत्येक ठोसा दिसत होता. नुसतं अर्धं पाऊल बाजूला व्हायचं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर बसला होता. मी लाडवांचा डबा हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. मला बोलायचंही नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. त्यानंच सुरुवात केली.

"तुमचं बरोबर होतं भाऊ."

मी मान हलवली.

"पण मायले नका सांगू. डावा कोपर दुखावला म्हना."

आयुष्यात जिंकलेला सौदा मी कधी परत दिला नव्हता. घरी येईपर्यंत मी ठरवत होतो की आईला काय काय ऐकवायचं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मी म्हणालो, त्याचा कोपर दुखावला.

पुढचे कित्येक दिवस आई त्या धडधाकट कोपराला गरम तेल चोळत बसली. तो हात पुढं करून मुकाट बसायचा, मधेच तोंड वाकडं करायचा, जणू खरंच दुखतं. मी समोर बसून पेपर वाचायचो. माझ्या पाठीवरचे पोत्यांचे वळ कुणी चोळले होते? आणि मला बोलताही येत नव्हतं, कारण कोपराचं मीच सांगितलं होतं. आपली हार त्यानं मला विकली होती, आणि मी ती घासाघीस न करता घेतली होती.

काही महिन्यांनी तो शहराच्या टोकाला, बेसाकडे राहायला गेला. तिथल्या एका व्यायामशाळेत पोरांना शिकवतो. वजन त्यानं उतरवलं, आमच्याकडचं जेवण सुटल्यावर ते आपोआप उतरलं. सणाला येऊन पाया पडून जायचा, तेही नेमका आई घरी असतानाच.

गेल्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दुकानाचं काही विचारेल, माझ्या रक्तदाबाचं विचारेल. "भास्करचा हात बरा झाला काय गा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, झाला. "मंग जेवाले बोलव त्याले."

तो आला. माझ्या बायकोनं वडाभात केला होता. आईच्या खाटेशी खाली ताट मांडलं, आणि वाढायचं काम आईनं मला सांगितलं. पहिला भात संपल्यावर भास्करनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ताटावर आडवा हात धरला. खाटेवरून आवाज आला, "वाढ त्याले." भास्करनं माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. मी वाढलं. आई त्याच्या घासाघासाकडे बघत होती. जेवण झाल्यावर त्यानं डावा हात वाकवून, सरळ करून तिला दाखवला. तिनं कोपर चाचपला आणि समाधानानं डोळे मिटले.

मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेलो. चपला घालता घालता तो थांबला. "भाऊ, तुमी जेवले नाही अजून," म्हणाला.

हे आईनं विचारायचं होतं. मी सकाळपासून तिच्या त्या विचारण्याचीच वाट पाहत होतो. मी त्याला म्हणालो, जा, तुला लांब जायचंय. तो गेला, आणि मी वर आलो तेव्हा आई झोपली होती. त्याच आठवड्यात ती गेली.