अविवाहित असल्याचा दाखला

ग्लेन्डा दुमलावचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे अमेरिकेच्या लेखी झालेलं नव्हतं. सौदीतल्या इस्पितळाच्या लेखी ते रीतसर झालेलं होतं. फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या तिच्या गावाला त्याची फारशी पडलेली नव्हती. आर्सेनियो मास्तराच्या घरी तिची मुलगी वाढते आहे आणि दीड वर्षाने सुट्टीवर आली की ती त्याच घरी उतरते, एवढं गावाला पुरे होतं. हा घोळ ऐकून ज्याला चक्कर येईल त्याच्या घरात परदेशचा अर्ज कधी वर्षानुवर्षं पडून राहिलेला नाही, एवढंच समजावं.

अर्ज तिच्या बापाने केला होता. फाउस्तो दुमलाव बहिणीच्या आधाराने हवाईला गेला आणि तिथे एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करू लागला. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि पुढे २००५ साली त्याने पोरीसाठी अर्ज घातला. ग्लेन्डा तेव्हा सव्वीस वर्षांची, सौदीतल्या दम्मामच्या एका खासगी इस्पितळात डायलिसिसची नर्स. नर्सिंगची अमेरिकन परीक्षा ती दोनदा नापास झाली होती, तेव्हा तो दरवाजा बंद. उरला बापाचा अर्ज. त्याची अट एकच, पण पोलादी: मुलगी अविवाहित पाहिजे. तिने लग्न केलं की त्या दिवशी अर्ज संपला. आणि रांग दहा वर्षांची की बारा, हे कुणी सांगायचं?

इलोकोस भागात अशी जोडपी घरोघर आहेत. पोरं दोन-दोन, तीन-तीन, पण लग्न नाही. पाद्री कुरकुरतात, म्हाताऱ्या नाकं मुरडतात, पण ‘अर्ज आहे’ म्हटलं की सगळे गप्प. आधी जायचं, कार्ड घ्यायचं, मग परत येऊन गावाला डुकराचं जेवण घालून लग्न लावायचं आणि मागाहून नवऱ्याला बोलावून घ्यायचं. यात कुणाला पाप वाटत नाही. रांगेतला नंबर घालवणाऱ्याला मात्र लोक मूर्ख म्हणतात आणि ते जन्मभर म्हणतात.

अर्ज घातला आणि विसरला, असं चालत नाही. लहान मुलासारखं त्याच्याकडे बघावं लागतं. नर्सांचं वसतिगृह तीनदा बदललं, तिन्ही वेळा ग्लेन्डाने आठवड्याच्या आत नवा पत्ता अमेरिकेच्या व्हिसा केंद्राला कळवला. दर जानेवारीत ती त्यांना न चुकता लिही: मी आहे, पत्ता हा, अजून अविवाहित आहे. दर महिन्याला तारखांचा तक्ता निघे, कोणत्या दिवसापर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारा. रुग्ण यंत्राला जोडून झाले की ती आणि आणखी चारपाच जणी भांडारात जाऊन फोनवर तो बघत. कधी तारीख तीन आठवडे पुढे सरके, कधी जागची हलत नसे. एकदा तर चांगली दोन वर्षं मागे गेली, त्या दिवशी एकेकीने फोन खिशात टाकला आणि वॉर्डात परतली. बापाला अमेरिकेचं नागरिकत्व घेता आलं असतं, पण ग्लेन्डानेच त्याला अडवलं. फिलिपिनो मुलांच्या बाबतीत न्यायच उलटा होता: बाप नागरिक झाला की मूल आणखी लांबच्या रांगेत जाऊन बसायचं. म्हातारा बिचारा दर दहा वर्षांनी कार्डच नवं करून घेत राहिला.

आर्सेनियो गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. शांत, जरा कंटाळवाणा, अक्षर मात्र मोत्यासारखं. २००८च्या जूनमध्ये ग्लेन्डा सुट्टीवर आली तेव्हा त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिने धोशा लावला, की मरायच्या आधी दोघांना देवासमोर उभं पाहू द्या. फादर सिल्वेरियो तिचे आतेभाऊ. त्यांनी तोड काढली. चर्चच्या मागच्या खोलीत दोघांना आशीर्वाद दिला, कागदावर सह्या घेतल्या आणि कागद आपल्या खणात टाकला. कार्ड येईल तेव्हा नोंदवू, म्हणाले. खणातला कागद अमेरिकेला थोडाच दिसतोय! त्या खणात असे आणखी सहासात कागद होते म्हणे. म्हातारी समाधानाने गेली. ग्लेन्डा दम्मामला परतली आणि दीड महिन्याने तिला कळलं की दिवस गेलेत.

सौदीत लग्नावाचून पोटुशी बाई म्हणजे थेट तुरुंग. आठवड्याभरात वॉर्डच्या मुख्य नर्सला वास लागला असता. ग्लेन्डाने आर्सेनियोला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं: लाओआग शहरात कागद करून देणारे आहेत, एक लग्नाचा दाखला करून घे, खोटा, पण असा की इथल्या कार्यालयाला कळता कामा नये. तो बरं म्हणाला. तीन आठवड्यांनी कागद आला. शिक्के, सह्या, खरेपणाची खूण म्हणून परराष्ट्र खातं लावतं ती लाल फीतसुद्धा. ग्लेन्डाने तो कार्यालयात दाखवला. कारकुनाने उलटून पाहिला आणि बाळंतपणाची रजा लिहिली.

तिच्या खोलीत रिझालिन नावाची एक पोरगी राहायची, शेजारच्याच गावची, जिभेला हाड नसलेली. ती ग्लेन्डाला मानांग, म्हणजे ताई म्हणे आणि ग्लेन्डा तिला आदिंग, म्हणजे धाकटी. ती म्हणाली, “मानांग, तू सौदीत लग्नाची, अमेरिकेत कुमारी आणि गावात लेकुरवाळी. तीन बायकांचा पगार माग त्यांच्याकडे.”

“हळू बोल, आदिंग,” ग्लेन्डा म्हणाली, पण हसली. नंतर तो कागद तिने गणवेशांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. खोली तपासायला कुणी आलं की ती गणवेश नीट रचत तिथेच उभी राहायची.

लिराचा जन्म गावी झाला. नाव ठेवणं, नोंद करणं, सगळं मास्तराने केलं. तीन महिन्यांची लेक मास्तराच्या बहिणीच्या हाती देऊन ग्लेन्डा परत यंत्रांपाशी उभी राहिली. पुढची सात वर्षं एका वाक्यात सांगण्यासारखी आहेत: पगार, पार्सलं, तक्ता, जानेवारीचं पत्र. लिरा चालायला लागली ते तिने फोनवर पाहिलं. वाचायला लागली तेही फोनवरच. तारीख पुढे सरकली की ती आधी आर्सेनियोला कळवी, मग बापाला. अलीकडे तर ती हवाईच्या शाळांची चौकशी करू लागली होती, कारण आईबरोबर लिरालाही कार्ड मिळणार होतं.

२०१६च्या सुरुवातीला तारीख आली. अकरा वर्षांनी. भांडारात रिझालिनने तिला मिठी मारली आणि स्वतःच रडली. पाठोपाठ व्हिसा केंद्राचं पत्र आलं: ग्लेन्डाचा अविवाहित असल्याचा सरकारी दाखला आणि लिराचा जन्मदाखला पाठवा. ग्लेन्डाने मास्तराला सांगितलं, दोन्ही आणून ठेव. आणि मास्तराचं काहीतरी बिनसलं. पहिल्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. दुसऱ्या आठवड्यात कार्यालयातला संगणक बंद होता. मग लिराला ताप. मग लसूण काढायला माणसं मिळत नव्हती, जसा काही याच्याशिवाय लसूण जमिनीतून वर येणारच नव्हता. ग्लेन्डा दोन महिने ऐकत राहिली, मग चिडली आणि पंधरा दिवसांची बिनपगारी रजा टाकून एप्रिलमध्ये स्वतःच आली.

दुसऱ्याच दिवशी ती लाओआगला गेली. अर्ज दिला, नंबर लावला, पंख्याखाली बसली. दोन तासांनी खिडकीतून दोन कागद आले. पहिल्यावर ‘लग्नाची नोंद आढळत नाही’ असं असायला हवं होतं. तिथे लग्नाची नोंद होती. वधू, वर, फादर सिल्वेरियो, जून २००८, चर्चचं नाव. लिराच्या जन्मदाखल्यावर आईबापांच्या लग्नाची तीच तारीख. तिने खिडकीतल्या बाईला विचारलं, चूक झाली का? बाई म्हणाल्या, चूक कशाने होईल, तुमचीच सही आहे ना ही?

त्याच रस्त्यावर व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या एक बाई बसत, आयुष्य त्यातच गेलेल्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, लग्नाच्या वेळी वडील अमेरिकेचे नागरिक होते का? ग्लेन्डा म्हणाली, नव्हते, आजही नाहीत. असते तर अर्ज लग्न झालेल्यांच्या रांगेत गेला असता, बाई म्हणाल्या, लांबच्या, पण जिवंत राहिला असता. आता काही नाही. अर्ज आठ वर्षांपूर्वी, त्या जूनमध्येच गेला. लपवायचं म्हणत असाल तर दुसरीकडे जा, माझ्याकडे नको. तिकडे संगणकावर सगळं दिसतं, पकडलं गेलं तर जन्मभराची बंदी. बाईंनी फी घेतली नाही, यावरून काय ते समजलं.

बसमध्ये तिने हिशेब केला. तीन वर्षं अर्ज जगला होता. आठ वर्षं ती वाळल्या खोडाला पाणी घालत होती.

ती घरात शिरली तेव्हा आर्सेनियो जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होता. छताला लसणाच्या वेण्या टांगलेल्या होत्या, लिरा शेजारी खेळायला गेली होती. ग्लेन्डाने दाखला त्याच्या समोरच्या वहीवर ठेवला. त्याने वाचलाही नाही. लाल पेनाला टोपण घातलं.

“मी खोटा मागितला होता,” ती म्हणाली.

“गेलो होतो मी त्या माणसाकडे. कॉफीच्या दुकानात बसवून त्याने तीन नमुने दाखवले. एकावर फादरचं नाव चुकलेलं, दुसऱ्यावर शिक्का उलटा. म्हटलं, असल्या एका चुकीपायी तू तिकडे आत जाशील, पोटात पोर घेऊन. बाहेर पडलो तो सरळ फादरांकडे. आपला तो कागद खणातून काढायला लावला आणि नोंदवून आलो.”

“आणि मला सांगितलंस खोटा आहे.”

“खरा आहे म्हटलं असतं तर तू तो दाखवलाच नसतास. अर्ज मरेल म्हणून तुरुंगात गेली असतीस. ओळखतो मी तुला.”

ते खरं होतं. ती खुर्चीत बसली. पायातल्या चपला तशाच.

“तेव्हाचं जाऊ दे,” ती शेवटी म्हणाली. “लिरा झाल्यावर? त्याच्यानंतर सात वर्षं? दर महिन्याला मी फोन करत होते, मास्तर. तारीख तीन आठवडे सरकली, चार आठवडे सरकली. तू म्हणायचास, छान.”

“तू इतक्या आनंदात सांगायचीस.” त्याने वह्यांची चवड सारखी केली, मग पुन्हा विस्कटली. “मला वाटायचं, ती तारीख कधी येणारच नाही. लोकांच्या नाही येत. बाप मरतो, नाहीतर माणूसच कंटाळतो. मग मला सांगावंच लागलं नसतं.”

“तुला ती यायला नको होती.”

त्याने नाही म्हटलं नाही. पोर घेऊन जाणार होतीस तू, एवढंच म्हणाला.

तिने आरडाओरडा केला नाही. उठून भात लावला, कारण लिरा भुकेली येणार होती. नंतरच्या दिवसांत रिझालिनने फोनवर सुचवलं, की मोडून टाक ना लग्न. फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही हे काय तिला ठाऊक नव्हतं? कोर्टात जाऊन लग्न मुळातच निकामी होतं असं ठरवून घेता येतं, पण त्याला एका ट्रकची किंमत आणि पाचसहा वर्षं लागतात, शिवाय नवरा डोक्याने अधू होता असं शपथेवर सांगावं लागतं. मास्तर डोक्याने अधू नव्हता. त्यानेच तिला तुरुंगाबाहेर ठेवलं होतं आणि त्यानेच तिला अमेरिकेबाहेरही ठेवलं होतं. कशाबद्दल किती रागवायचं हे तिला ठरवता येईना, म्हणून ती त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत राहिली. इस्पितळाने पुढच्या दोन वर्षांचा करार पाठवला होता. तिने त्यावर सही करून टाकली.

बापाला सांगणं तिने रविवारपर्यंत ढकललं. म्हाताऱ्याने तिकडे खोली रंगवून घेतली होती आणि नातीसाठी पलंग बघून ठेवला होता. फोन लावला तेव्हा आर्सेनियो त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होता. तो उठून जाऊ लागला, तिने त्याला हाताने बस म्हटलं. मग तिने बापाला सगळं सांगितलं, जून महिना, खण, दाखला, फॉर्मवाल्या बाई. मध्ये एकदाही थांबली नाही. पलीकडे बाप ऐकत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

“म्हणजे मी नागरिक झालो असतो तर अर्ज वाचला असता?” त्याने विचारलं.

“हो, तातांग. मीच तुम्हाला अडवलं.”

“बरोबर अडवलंस. तेव्हा तेच बरोबर होतं.” तो खोकला. “मग आता होतो नागरिक. लग्न झालेल्या मुलीसाठी पण अर्ज घालता येतो ना?”

येतो. त्या रांगेतही ग्लेन्डाच्या ओळखीची माणसं होती. वीस वर्षं, बावीस, तेवीस. आणि ज्याने अर्ज घातला तो गेला की अर्जही गेला. हे तिला माहीत होतं आणि पलीकडे त्यालाही माहीत होतं. एवढी वर्षं दोघांनी मिळून तोच एक तक्ता वाचला होता.

“घाला, तातांग,” ती म्हणाली.

कागदपेन्सिल शोधायला म्हाताऱ्याला वेळ लागला. परत आला तेव्हा त्याने जावयाचं पूर्ण नाव विचारलं. नव्या फॉर्मवर ते लागेल. आठ वर्षांत फोनवर त्याने ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं, कुणी ऐकलं तर अर्जाला धोका म्हणून. ग्लेन्डाने आर्सेनियोकडे न बघता सांगितलं: आर्सेनियो, मधलं नाव कब्रेरा, आडनाव आगबायानी. म्हाताऱ्याने ते सावकाश लिहून घेतलं आणि जन्मतारीख विचारली.