आत्याने जोडलेला मॅक

समजा, जेवणाच्या टेबलावर तुमच्यासमोर एक उघडं कॅबिनेट आहे. मदरबोर्ड एका दुकानातला, ग्राफिक्स कार्ड कुणाच्या तरी जुन्या संगणकातून काढलेलं, पंखा तिसरीकडचा. यावर तुम्हाला मॅकची प्रणाली बसवायची आहे, जी अशा जोडलेल्या संगणकासाठी बनलेलीच नाही. आपण मॅकवरच आहोत असं तिला वाटायला लावणाऱ्या फायली पेन ड्राइव्हवर घालायच्या आणि बटण दाबायचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात आणि मध्येच थांबतात. का, ते कुणी सांगत नाही. आणि समजा, तुम्ही बावन्न वर्षांच्या आहात आणि आजवर घरातला बल्बसुद्धा भावानेच बदललाय.

तशी माझी आत्या बसली होती.

आत्या एका छापखान्यात मजकूर लावते. तिथल्या मॅकवर, जेवणाच्या सुट्टीत, सहा वर्षं तिने एक फॉन्ट घडवला. नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी, ठसठशीत आणि गोलसर. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला तो आवडला, तेव्हा छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, यंत्र माझं, वीज माझी. तेव्हा अक्षरंही छापखान्याची. नाव छापखान्याचंच जाईल."

"आणि हात कुणाचा?"

"हाताला पगार मिळतो ना."

आत्या घरी आली आणि पलंगाखालचा कागदांचा खोका बाहेर ओढला. प्रत्येक अक्षर तिने आधी घरीच पेन्सिलने कागदावर काढलं होतं. कागद तिचे होते, हात तिचा होता, यंत्र तेवढं नव्हतं. तिला येणारं फॉन्ट घडवण्याचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं आणि नवा मॅक घेण्याची ऐपत नव्हती. प्रकाशनाला महिनाअखेरीस पंचवीस अक्षरांचा नमुना हवा होता. म्हणजे हातात तीन आठवडे.

"मालकाशी वाकडं घेतेस, वर घरात भंगार आणतेस," बाबा म्हणाले.

"भंगार नाही दादा, सुटे भाग आहेत."

"सुटे झाले की भंगारच. आणि जेवायचं कुठे?"

"ओट्यावर. उभ्याने जेवलं की कमी जातं, तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे."

ओळी तीनदा थांबल्या. दर वेळी आत्याने शेवटची ओळ वहीत उतरवली, इंटरनेटवर शोधली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आणि एकेक फाइल बदलली. चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर भाषा निवडायचा चौकोन आला. पण माउस हलेना, कीबोर्ड ढिम्म.

मी संगणकाची पदवी घेतलेली. निकाल देऊन टाकला, "बोर्ड खराब आहे आत्या, परत कर."

"खराब असता तर सुरुवातीच्या मेनूत हाच कीबोर्ड कसा चालला?"

मी माउस उलटा करून पाहिला.

संध्याकाळपर्यंत तिनेच शोधलं. ही प्रणाली पंधराच यूएसबी जोडण्या मोजते, आणि एका वेगवान खाचेच्या दोन जोडण्या धरते. मोजणीबाहेरच्या खाचा तिच्या लेखी नसतातच. आत्याने नेलपॉलिशची बाटली आणली. कीबोर्ड एकेका खाचेत घालायचा, मेली असेल तर लाल ठिपका. मागच्या चार खाचांवर ठिपके पडले. पाचवीत कीबोर्ड घातला आणि चौकोनातली निळी पट्टी एक ओळ खाली सरकली.

"पदवी ठेव कपाटात नीट," आत्या मला म्हणाली.

प्रणाली बसली. पुढचे पंधरा दिवस ती छापखान्यातून आली की त्या टेबलाशी बसायची. 'ळ' तिने अकरा वेळा मोडला. आवाज त्या संगणकातून अजूनही येत नाही. "अक्षरांना कशाला हवाय," असं तिचं म्हणणं. नमुना वेळेत गेला, तिच्या नावाने. मालकांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं, "यंत्र माझं होतं, वीज माझी होती." मालक बिलं चाळत राहिले.

एकदा मात्र बाबांनी तिला अडवलं. ही प्रणाली फक्त मॅकच्या कंपनीने बनवलेल्या संगणकावरच चालवायची, असं तिच्या करारात आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

"मालकाची अट मोडलीस, ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "कंपनीचीही मोडलीस. उद्या तुझी कुणी मोडली तर?"

"माझं घर, माझं टेबल, मी एकेक स्क्रू पिळून उभा केलेला संगणक. त्यावर काय चालवायचं ते मी ठरवणार."

"मी काय विचारलं?"

आत्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा पिळला.

गेल्या आठवड्यात प्रकाशनाचा होकार आला, सोबत एक अर्ज. फॉन्ट कुणी घडवला, या रकान्यात आत्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं, तेही ठळक. त्याखाली रकाना आहे, 'वापराच्या अटी'. तो अजून कोरा आहे. काल अर्ज माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं,

"वस्तू एकदा दुसऱ्याच्या हातात दिली, की आपली अट त्याच्या घरात कुठपर्यंत जावी गं? दारापर्यंत, की पार टेबलापर्यंत?"