जवसाचं तेल

साठच्या दशकात मी दूर दक्षिणेत, समुद्राकाठच्या अग्निबाण केंद्रात नोकरीला होतो. अग्निबाणात बसवायचे धातूचे भाग धुवायचे आणि त्यांवर तेलाचा अंशही उरला नाही ना, हे पाहायचं, हे माझं काम. भागावर शुद्ध पाण्याचा थर अखंड पसरला तर तो स्वच्छ. थर कुठं फाटला, की तिथं तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नसे.

रजेवर अकोल्याला आलो तेव्हा मायला हे सांगितलं. ती हसली.

"एवढं शिकून तू भांडेच घासून राहिला का रे?"

हसताना तिला धाप लागली. मग तिचे सुजलेले पाय दिसले. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांच्या औषधानं उतार नव्हता. बाबांचेही पाय सुजले होते. अमरावतीहून नुकतीच आलेली ताई मात्र ठणठणीत होती. या दोघांच्याच पोटात काय जातं, या विचारात मी चुलीपाशी गेलो. तिथं तेलाची बरणी होती.

"हे कुठलं?"

"बाजारातलं. जवसाचं," बाबा म्हणाले. "दिवाळीपासून तेच खाऊन राहिलो."

बाटलीत थोडं तेल घेतलं, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अमरावतीला माझ्या कॉलेजातल्या रसायनाच्या सरांकडे गेलो. त्यांनी परीक्षानळीतल्या तेलात तीव्र आम्ल घातलं. खालचा थर तांबूस झाला. शेताच्या धुऱ्यावर उगवतो त्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल त्यात मिसळलेलं होतं.

"यानं हृदय थकतं," सर म्हणाले. "आईला लगेच दवाखान्यात ने."

नेलं. तिला आडवं होता येईना. उशांना टेकून बसून असायची. तिला तेलाचं सांगितलं.

"मीच तं वाढलं ना रे तुह्या बापाले," एवढंच म्हणाली.

"तुले का माहीत होतं, माय?"

तिनं मान फिरवली. त्याच आठवड्यात ती गेली.

बाबा वाचले. मी परत निघायच्या आधी ताईनं तेलघाणीवर उभं राहून, डोळ्यांदेखत जवसाचं तेल काढून आणलं आणि वरणाला फोडणी दिली. वास येताच बाबा ताटावरून उठले. पुढं कित्येक वर्षं ते भाकरीशी कोरडी चटणीच खात राहिले.