उजेड बाहेर ठेवून या

परुळेकर सरांची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली. अंधेरीच्या आमच्या संस्थेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती आणि मुलं मोठी झाल्यावर मी पुन्हा नोकरी शोधत होते. खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीच्या दारातून मी कॉन्व्हेंटच्या सवयीने विचारलं, "मे आय कम इन, सर?" आतून उत्तर आलं, "या ना. चपला असू द्यात, उजेड तेवढा बाहेर ठेवून या."

सर कर्करोगावरच्या अशा औषधावर काम करत होते, जे प्रकाश पडेपर्यंत झोपून राहतं. ते शिरेतून द्यायचं आणि गाठीवर ठरावीक लाल प्रकाश टाकायचा. तिथे ते जागं होतं आणि गाठीच्या पेशी मारतं. पण जुन्या पद्धतीत औषध कातडीतही मुरतं आणि रुग्णाला कित्येक आठवडे उन्हापासून लपून राहावं लागतं. म्हणून सर ते केसाहून कितीतरी पटींनी बारीक नॅनोकणांत भरत होते. ते जास्तीत जास्त गाठीतच उतरावं, बाकीचं अंग मोकळं राहावं, एवढ्यासाठी.

हा ध्यास कुठून आला, ते सरांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीवर, आक्कांवर, परदेशात मुलाकडे असताना हाच जुना उपचार झाला होता. पडदे ओढलेल्या खोलीतून त्या फोन करायच्या. "बाळ्या, ऊन पाहिलेलं नाही रे मी. मुलुंडला तुझ्याकडे आले की गॅलरीत पापड वाळत घालीन. तू राखणीला बस, कावळे माजलेत तिथले." आक्का परत आल्याच नाहीत.

आमच्याकडे औषधाची प्रत्येक बाटली चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेली असे. सर डब्यातलं थालीपीठही त्याच फॉइलमध्ये, तशाच घड्या घालून आणत. एकदा दुपारी आम्ही बाहेरच्या गॅलरीत जेवायला बसलो. सरांनी बोलता बोलता फॉइल उलगडलं, तर हातात बाटली. शलाका या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा तो नमुना दुसऱ्या दिवशी तपासणीला जायचा होता. थालीपीठ आत काळ्या पेटीत सुरक्षित होतं.

"झाका, सर, झाका. रंग तसाच आहे ना," शलाका म्हणाली.

"रंग तसाच आहे. पण हिने ऊन पाहिलंय."

"क्षणभर हो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, बाळा. पुढेमागे हे कुणाच्या तरी शिरेत जायचंय. वाट मी लावली, निस्तरतोही मीच."

सरांनी तो नमुना बाद केला आणि शलाकाबरोबर उभं राहून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. विभागाच्या बैठकीत त्यांनी आपणहून सांगितलं, "नमुना उशिरा जाईल. मी तो थालीपीठ समजून उघडला." सगळे हसले. सरही हसले, पण पुढे थालीपीठ कायम केळीच्या पानात आलं.

माझं मराठी लिहिणं कॉन्व्हेंटमुळे राहून गेलेलं. "आमच्या आक्काला कळेल असं लिहा, वर्षाबाई," म्हणत सरांनी मला लिहितं केलं. हा लेखही त्यांच्याच धाकात लिहिते आहे.

सर निवृत्त झाले, आता ते काम शलाका सांभाळते. नव्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना बटणावर सरकणारे पडदे आहेत. मला मात्र काळ्या कागदाची ती खोली आठवते आणि मंद दिव्याखाली वाकलेली सरांची पाठ. मुलुंडला त्यांच्या घरी गेले की सर पहिला प्रश्न विचारतात, "कुठवर आलं?" मी म्हणते, "माणसांपर्यंत अजून नाही, सर." ते मान हलवतात आणि गॅलरीकडे बघत राहतात. तिथे दुपारी लख्ख ऊन येतं.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांसाठी माझं मागणं एवढंच. त्यांचं औषध घेतलेली एखादी बाई भर दुपारी बिनधास्त गॅलरीत पापड वाळत घालताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसो. तेवढं आयुष्य त्यांना लाभो, आणि त्यापुढे ते पापड तळून खाण्याइतकी प्रकृतीही.