घरगाडीचे ब्रेक

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा अंगणात एक जुनी गाडी उभी होती. तिला घरात सगळे घरगाडी म्हणायचे. धरणाच्या सर्व्हेसाठी रानोमाळ हिंडणाऱ्या कुणा ठेकेदाराने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती बांधून घेतली होती. ट्रकसारखं तोंड, मागे पत्र्याची खोली. खोलीतली दोन बाकं जोडली की पलंग व्हायचा. कोपऱ्यात हातभर ओटा, खिडक्यांना जाळी. माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपात ब्रेकचं काम करण्यात गेली. रिटायर झाल्यावर महिन्याभरात त्यांनी ही गाडी दारात आणून उभी केली.

"माणसं रिटायर झाली का देवाला जात्यात," सासूबाई मला सांगायच्या. "ह्यांनी भंगार आणलं."

आमचं घर नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या पुढे. गुलाब आणि शेवंतीचा मळा. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. गाडीत सगळ्यांना घालून फिरवायचं, हा मामांचा बेत होता. इंजिन चांगलं होतं, पण ब्रेकचं पेडल दाबलं की थेट तळाला जायचं. म्हणून त्यांनी चारही चाकं काढली, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, आणि त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही. त्यांना समजायचं सगळं, पण तोंडातून एखाददुसराच शब्द निघायचा, तोही भलताच.

दीड वर्ष गाडी तशीच ठोकळ्यांवर राहिली. मग एका सकाळी आमच्या ह्यांनी जेवताजेवता सांगितलं, "रविवारी द्वारका चौकातनं भंगारवाला येतोय. जागा मोकळी होईल, फुलांच्या जाळ्या ठेवता येतील."

मामा ताटावरून उठले. काठी टेकत गेले आणि घरगाडीच्या पायरीवर बसले. आत्यांनी हाका मारल्या, तरी आले नाहीत. शेवटी मी त्यांचं ताट तिथे नेलं. त्यांनी ताटाकडे बघितलंही नाही. डावा हात चाक काढलेल्या जागी, ब्रेकच्या गोल लोखंडी ड्रमवर ठेवून बसले होते.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही दाखवा, मी करते."

मला तेव्हा पान्याचे नंबरही कळत नव्हते. पण हातात ताट घेऊन तिथे उभं असताना दुसरं काही सुचलं नाही.

"तुला जमणार हाय का ते?" ह्यांनी विचारलं.

"नाही जमलं तर भंगारवाला काय पळून जातोय?" मग ह्यांनी त्याला थांबायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हे फुलं घेऊन मार्केटला गेल्यावर मी जुना पंजाबी ड्रेस घातला आणि गाडीपाशी बसले. मामा शेजारी खुर्चीवर. हातोडीने चारी बाजूंनी ठोकून पहिला ड्रम निघाला, तेव्हा मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं. आत काळी भुकटी साचली होती. मी फुंकर मारणार, इतक्यात मामांनी काठी पत्र्यावर आपटली आणि ओल्या फडक्याकडे बोट केलं. ती भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायच्या बारीक नळीची पाळी आली. ती गंजून बसली होती. मी पाना लावला. मामा म्हणाले, "घट्ट. घट्ट." मी घट्ट आवळलं. ते आणखी जोरात म्हणाले, "घट्ट!" मी सगळा जोर लावला आणि नळी कट्‌कन तुटून हातात आली.

"तुम्हीच म्हणालात ना घट्ट!" मी ओरडले.

मामांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला इतकी लाज वाटली की मी पाना टाकून स्वयंपाकघरात गेले.

आत्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, त्यांच्या तोंडात उलटं येतं. पाणी पाहिजे असलं का नको म्हणत्यात. मी त्यांच्या हाताकडं बघते, तोंडाकडं नाय."

एकाच घरात दीड वर्ष राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "आता असं करू. मी हाताने दाखवते. बरोबर असेल तर काठी एकदा वाजवा, चुकीचं असेल तर दोनदा." त्यांनी डोळे पुसले आणि काठी एकदा वाजवली.

खोललेले भाग पिशवीत भरून मी द्वारकेला गेले. दुकानदाराने ते उलटसुलट करून बघितले. "ही गाडी कधीच बंद झाली, ताई. पण एका जुन्या टेम्पोचे ब्रेकचे सिलिंडर याच मापाचे होते, थांबा." माळ्यावर चढून त्याने धुळीने माखलेली खोकी काढली. "मेकॅनिक कोण आहे?"

"मीच."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पण हसला नाही. "मग एक ध्यानात ठेवा. रबराचे वॉशर रॉकेलमध्ये धुवायचे नाहीत, फुगतात. ब्रेक ऑइलमध्येच धुवायचे." समोरच्या गल्लीत ब्रेकला नवीन लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, मारून घेतले आणि रिक्षाने घरी आले.

पुढे तीन आठवडे, रोज दुपारी दोन तास. काठी एकदा, काठी दोनदा. एक वॉशर मी उलटा बसवला, तेव्हा ती दोनदा वाजून थांबेचना. हळूहळू मामांच्या तोंडी शब्द येऊ लागले. पहिला "स्प्रिंग". मग "पकड". मग एकदा "दमानं, पोरी". मी मुद्दामच मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती. त्याला पेडल दाबणारं माणूस लागतं. आत्या जन्मात कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या नव्हत्या. नऊवारीचा ओचा सावरत चढल्या आणि स्टिअरिंगला नमस्कार केला.

"दाबा!"

"दाबलं बाई!"

"धरून ठेवा... सोडा!"

चाकाजवळच्या नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे यायचे. चार चाकं होईपर्यंत दुपार टळली. मग आत्या एकदम म्हणाल्या, "अगं, हे आता खाली जाईना!" मामांनी डावा पाय टाकून स्वतः पेडल दाबून पाहिलं. ते दगडासारखं टणक होतं.

चाकं परत बसवल्यावर आधी ह्यांनी गाडी मळ्याच्या रस्त्यावर आठ दिवस चालवून पाहिली. मग आम्ही चौघं पेठच्या बाजूला निघालो. घाटाच्या उतारावर माझी नजर ह्यांच्या ब्रेकवरच्या पायावर होती. हे एका वळणावर म्हणाले, "धरतोय गं, चांगला धरतोय," आणि मी पहिल्यांदा खिडकीबाहेरची भातखाचरं बघितली.

खाली सपाटीला थांबलो. आत्यांनी गाडीतल्या ओट्यावर चहा ठेवला. मामा उतरले आणि एकेका चाकाशी जाऊन हाताची मागची बाजू ड्रमजवळ नेऊन बघू लागले. मागच्या डाव्या चाकाशी थांबले, मला बोलावलं आणि माझा हात तिथे नेला. बाकीच्यांपेक्षा ते जास्त तापलं होतं.

"घासतंय?" मी विचारलं.

"रविवारी," मामा म्हणाले. थोडं थांबून, शब्द शोधून, "उघडू."

घरगाडी पुढे पाच-सहा वर्षं चालली. मामांचं बोलणं पूर्ण परत आलं नाही, पण घरातल्यांना पुरेल इतकं आलं. फुलांसाठी घेतलेल्या पिकअपचे ब्रेक नंतर मीच बघायचे. शेजारच्या मळ्यातली माणसं आपापल्या गाड्या घेऊन आली, की मामा खुर्ची घेऊन शेजारी बसायचे.